इयत्तेचा रकाना

शनिवारी सकाळची शाळा सुटली
की भरमाण्णा मुतगेकर येतात.
चपला दाराबाहेर,
उद्यमबागच्या भट्टीत भाजलेले हात
धोतराला दोनदा पुसून.

आमचं वाचनालय म्हणजे एक कपाट,
बिजागरी निखळलेलं.
किल्ली खडूच्या डब्यात.

त्यांनी मागितलं कानडी पहिलीचं पुस्तक.
"चाळीस वर्सं, बाई, स्टँडवर विचारत आलो,
कुटं जाती ही?
पाटी डोळ्यासमोर, आणि मी दुसऱ्याच्या तोंडाकडं बघतोय."

नात त्यांचं बोट धरून अक्षरावर फिरवते.
"मराठी अक्षरं तुळईला टांगल्यागत,
ही मात्र साच्यात ओतलेली, गोल.
वाळू नीट दाबली की येतील."
येत नाहीत. नात हसते,
मग स्वतःच मराठी जोडाक्षराला अडते
आणि ते गप्प राहून
तिला अडू देतात थोडा वेळ.

नोंदवहीत मी नाव लिहिलं, तारीख, पुस्तक.
इयत्तेच्या रकान्यात पेन थांबलं.
तपासणीला खाडाखोड चालत नाही.
अजून कोराच आहे.

परवा स्टँडवर दिसले,
कडोलीच्या गाडीपुढं, मान वर, ओठ हलताहेत.
कंडक्टरनं दुसरी शिट्टी मारली.
"थांब की रे," म्हणाले,
"एक अक्षर ऱ्हायलंय."