स्वतःचं ज्ञान वापरू नये

विजयनगरच्या कोर्टापुढे, बशीरचाचांच्या स्टॅम्पच्या टेबलाला लागून
माझं टेबल, माझा प्रिंटर, माझी छत्री.
साडेदहापासून मी दुसऱ्यांच्या शपथा टाईप करते.
'मी खाली सही करणार, वय सज्ञान, धंदा घरकाम,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की'
या 'की'नंतरचं प्रत्येकीचं वेगळं असतं.
'की'च्या आधीचं मी सेव्ह करून ठेवलंय.

बेडगे वकील मागे उभे राहून सांगतात,
तेजमती, इथं 'सबब' घाल.
मी आधीच घातलेलं असतं.

अशी बारा वर्षं.
मग एका दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं म्हणून,
मी माझाच फॉर्म भरला. लॉ सीईटी, तीन वर्षांची.
फोटो चिकटवताना चाचा म्हणाले, कुणाचा गं हा?

क्लास विश्रामबागला, जिना चढून. खाली भडंगाचं दुकान,
त्यामुळे आमच्या राज्यघटनेला तळलेल्या लसणाचा वास.
पोरं मला मॅडम म्हणतात
आणि एसटीत देतात तशी बाकावर जागा देतात.
सर सांगतात, चुकीला गुण कापत नाहीत,
रिकामं काही सोडायचं नाही,
अगदीच सुचलं नाही तर 'ब' मारा.
सगळे हसतात. मी वहीत लिहून घेते.
मी आजवर किती रकाने आडव्या रेघा मारून सोडलेत,
लागू नाही, लागू नाही, निरंक.

रात्री हरिपूरला घरी, जेवणं उरकल्यावर,
भाच्याच्या जुन्या मोबाईलवर सराव परीक्षा.
काच तडकलेली, त्यामुळे 'क' आणि 'ड' यांच्यामधून
एक ओढा वाहतो.

प्रश्न सत्तेचाळीस.
सिद्धांत : जो धोका ओळखून, राजीखुशीने पत्करतो,
त्याला नुकसानभरपाई मागता येत नाही.
वस्तुस्थिती : 'क्ष' हा मजूर 'य'च्या मालकीच्या तळघरात उतरला.
आतली हवा वाईट असते हे त्यास ठाऊक होतं.
तो गुदमरला.
'य' जबाबदार आहे काय?
सूचना : दिलेलाच सिद्धांत लावावा. स्वतःचं ज्ञान वापरू नये.

तळघर नव्हे, पेव म्हणतात त्याला.
तोंड एवढंसं, आत वीस-बावीस फूट, पोटात हळद.
आधी झाकण काढून तास दोन तास उघडं ठेवायचं,
मग दोरीनं कंदील सोडायचा.
कंदील जळत राहिला, तर माणूस.
त्या दिवशी यार्डात भाव चढला होता,
ट्रक चालू करून ठेवला होता,
आणि कंदिलात रॉकेल नव्हतं.
'उतरा आण्णा, कायबी होत नाही' असं कोण म्हणालं
ते नंतर कुणालाच आठवेना.
वर काढले तेव्हा आण्णा नखशिखांत पिवळे,
लग्नाच्या आदल्या दिवशी असतो माणूस, तसे.

राजीखुशीने.
हा शब्द मी आठवड्याला चाळीसदा तरी टाईप करते.
बोटं आपोआप जातात, कीबोर्ड बघावा लागत नाही.

वर कोपऱ्यात वेळ पळतोय.
अ. होय, कारण 'य' मालक आहे.
ब. नाही, कारण 'क्ष'ला धोका ठाऊक होता.
क. होय, माणुसकीच्या दृष्टीने.
ड. माहिती अपुरी आहे.

'ड'वर अंगठा बराच वेळ ठेवला.
खरं तर 'ड'च.
ट्रकचं लिहिलेलं नाही यात, कंदिलाचं नाही,
घरी दोन पोरी होत्या तेही नाही.

मग सर आठवले, सिद्धांत आठवला,
आणि मी 'ब' दाबला.
हिरवं झालं. एक गुण.

माझा हात कपाळाकडे गेला, तिथंच थोडा वेळ राहिला.
आतल्या खोलीतून आई म्हणाली, दिवा मालव आता.
म्हटलं, मालवते.

प्रश्न अठ्ठेचाळीस.
'क्ष'ची शेळी 'य'च्या कुंपणातून आत शिरते.