लिंबूटिंबू

लेमिंग्टनच्या कालव्याकाठी, छत्र्यांच्या जुन्या कारखान्यात
आमच्या कंपनीची चाचणीखोली आहे.
एक सोफा, दोन कॅमेरे, काचेपलीकडे मी.
फॉर्मवर चौकटी दोन: कॅज्युअल, हार्डकोअर.
तिसरीसाठी, गॅरेथ म्हणतो, बजेट नाही.

मंगळवारी डोरीन ॲपलगार्थ आल्या. वय एकाहत्तर.
बत्तीस वर्षं शाळेसमोर गोल पाटी धरून
पोरांना रस्ता पार करून दिला.
पहिल्या चौकटीत खूण केली, शेजारी पेन्सिलीनं लिहिलं,
‘मी काही खरी खेळाडू नाही हं.’
मग पर्समधून फोन काढला.
रंगीत खडे जुळवायचा खेळ.
पातळी चार हजार आठशे बारा.
नऊ वर्षं, रोज पहाटे पाच,
केटली उकळेतो एक डाव, उकळल्यावर तीन.
नवरा गेला त्या दिवशीही?
मी विचारलं नव्हतं. त्याच म्हणाल्या,
‘त्या दिवशी सात. एकही हरले नाही.’

मी टाइप केलं: कॅज्युअल.

त्यांच्या आधी कीरन टली.
चोवीस वर्षांचा, दुसऱ्या चौकटीत खूण इतकी जोरात
की कागद फाटला.
कुठल्या राक्षसाचा घाव कितव्या क्षणी उलटवायचा
ते सांगताना त्याचे अंगठे हवेत चालत होते.
सोप्या मोडवाल्यांनी धंद्याची वाट लावली, म्हणाला.
शेवटचं कधी खेळलास?
बोटांवर मोजलं. ऑगस्ट.
कॉव्हेंट्रीच्या गोदामात रात्रपाळी,
घरी पोटदुखीनं रडणारी सात आठवड्यांची पोर.
बसमध्ये तो इतरांचे डाव बघतो, आवाज बंद करून.

मी टाइप केलं: हार्डकोअर.

बैठकीत गॅरेथच्या आलेखावर
गाभा निळा आणि गर्दी नारिंगी.
गाभा एकदाच साठ पौंड देतो आणि तीन वर्षं कुरकुरतो.
गर्दी नव्याण्णव पेन्स देते, पुन्हा देते,
आणि कुरकुरायचा हक्क आपल्याला आहे
हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

इचलकरंजीत, यंत्रमागांच्या खडखडाटात,
आमच्या बोळात डबा ऐसपैस चालायचा.
दादाच्या टोळीत मी लिंबूटिंबू.
बाद झाले तरी बाद नाही, राज्य माझ्यावर कधीच नाही,
सगळ्यांना वाटे किती लाड.
एकदा सुताच्या भीमांमागे अशी लपले
की श्वासही मोजून घेतला.
पाळी बदलल्याचा भोंगा झाला, दिवे लागले,
मुंग्या आल्या पायाला.
बाहेर आले तर बोळ रिकामा, डबा उताणा,
सगळे जेवायला गेलेले.
मी सापडले नव्हते.
मला शोधलंच नव्हतं.
या दोन वाक्यांत कोण जिंकलं
हे मला अजून नीट सांगता येत नाही.

तर डोरीन.
त्यांच्या हाती आमचा नवा खेळ दिला,
तलवारीचा, अंधाराचा, मरत मरत शिकायचा.
पुलावर एक पहारेकरी. त्यानं त्यांना सतरा वेळा मारलं.
अठराव्यांदा त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला
आणि पडद्यासमोर तळहात उभा धरला,
जसा ट्रकसमोर धरत असतील.
पहारेकरी थांबला नाही.
‘काय बाई, अगदी वळण नाही याला,’ असं म्हणून
पुन्हा सुरू केलं.

कीरन प्रवासखर्चाच्या पावतीसाठी थांबला होता.
केव्हा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, कळलंच नाही.
काचेला नाक लावून पुटपुटत होता,
‘डावीकडे, आजी, डावीकडे... आत्ता!’
काच आवाज जाऊ देत नाही. त्यासाठीच बसवलेली आहे.

तास संपला तेव्हा पूल ओलांडायचा राहिला होता.
‘पुढच्या मंगळवारी?’ त्यांनी विचारलं.
नियम असा की प्रत्येकाला एकदाच बोलवायचं.
मी तो सांगायला तोंड उघडलं
आणि दार धरून उभा असलेला कीरन म्हणाला,
‘मला सुट्टी असते मंगळवारी.’