चौथा साचा, डावी बाजू

पार्किंगमध्ये दोन घोड्यांवर ती पालथी पडली आहे,
साडेपाच मीटर लांब, देवदाराची.
लाटीबाजारातून आणलेल्या फळ्या चिरून
सहा मिलिमीटरच्या पट्ट्या केल्या, एकीला एक चिकटवली,
साच्यांवरून वाकवताना तीन मोडल्या.
सोसायटीतली पोरं विचारतात, काका, मगरींत जाणार?
नाही रे. विश्वामित्री त्यांचीच राहू दे.
सिंधरोटला जाईन, महीत.
आधी हिचा तळ नीट होऊ दे.

नीट हा शब्द मी चौतीस वर्षं
मकरपुऱ्यात पगारावर वापरला.
बेअरिंगच्या कड्या ट्रेमधून यायच्या,
गेजची सुई सरकली की लाल खडू.
सुईशी कोण भांडणार?
धनसिंग राठवा भांडला होता, एका रात्रपाळीत.
कडी अंगठ्यावर फिरवत म्हणाला,
"साहेब, हात लावून तर बघा."
मी सुई दाखवली. दोन मायक्रॉन.
अख्खा ट्रे भंगारात.
दोन मायक्रॉन म्हणजे किती, त्यानं विचारलं.
केसाचा पस्तिसावा भाग, मी म्हणालो.
त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं, आणि गेला.

दुरून डोंगर साजरे म्हणतात.
हिचे डोंगर दिवसा जवळूनही दिसत नाहीत.
रात्री टॉर्च आडवा धरला, लाकडाला जवळजवळ टेकवून,
की सगळा मुलूख उठतो:
नाळेजवळ उंचवटा, कण्यालगत सपाटी,
स्टेपलच्या भोकांच्या मुंग्या,
आणि चौथ्या साच्यापाशी, डावीकडे,
बशीभर सावली.

पेन्सिलीनं रेघोट्या मारायच्या,
लांब फळीला पॉलिशपेपर लावून तिरकं घासायचं.
रेघ पुसली तो उंचवटा,
रेघ राहिली तो खड्डा.
मी आठ दिवस घासतोय. भुसा चहात पडतो.
एक रेघ काही केल्या जात नाही,
आणि ती जावी म्हणून मी भोवतालचं सगळं
तिच्या पातळीवर उतरवत चाललोय.

काल आत बल्ब लावला, गोंद बघायला.
चौथ्या साच्याच्या कडेनं लाकूड लाल झालं,
मुठीत टॉर्च धरल्यावर बोटं होतात तसं.
सहाची पट्टी. किती उरली असेल?
तीन? साडेतीन?
मोजायला गेलो नाही. पहिल्यांदाच.

शालन खाली आली, कचऱ्याचा डबा घेऊन.
सयाजी हॉस्पिटलात तिची हयात गेली,
सुकलेल्या म्हाताऱ्यांच्या, आठ दिवसांच्या बाळांच्या
शिरा शोधण्यात.
डबा ठेवला, हात साडीला पुसला,
डोळे मिटून तळावरून बोटं नेली.
थांबली.
"इथे."
बरोबर तिथेच.
"बुजवणार?"
भुशाचा लगदा करून भरता येईल, मी म्हणालो, पण डाग दिसेल.
न भरता वर काचकापड चढवलं, तर वार्निशखाली
ऊन पडेल तेव्हा लचकेल.
"पाण्याला कळेल?"
मी गप्प.
पाण्याला पाच मिलिमीटरही कळत नाहीत,
हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"दुखत असेल तिथे फार दाबू नये," ती म्हणाली
आणि डबा उचलून फाटकाकडे निघाली.

टॉर्च विझवला.
डोळे मिटून मीही हात ठेवला,
सुईवाला हात, खडूवाला.
आधी काहीच लागलं नाही,
नुसतं लाकूड, थोडं ऊबदार.
मग तळव्याखाली जमीन जराशी खाली गेली
आणि परत वर आली.

छोटा उदेपूरला गेला म्हणतात धनसिंग, बसचा नंबर माहीत नाही.

वहीत लिहिलं:
चौथा साचा, डावी बाजू, खोली
पुढची जागा मोकळी सोडली.
शेऱ्याच्या रकान्यात
बराच वेळ पेन टेकवून ठेवलं,
तिथे आता एक निळा ठिपका आहे,
कागदाच्या मागच्या बाजूलाही लागतो, हातानं पाहिलं तर.