तनाउ

माझ्या बहिणीचं नाव उलबोसिन,
म्हणजे 'आता मुलगा होऊ दे'.
दोन वर्षांनी मी झालो.
नाव तिच्या अंगावर तसंच राहिलं,
मोठ्या मापाच्या कोटासारखं.

गवतात एकटं पडलेलं सायगा हरणाचं पिल्लू तिनं आणलं,
तेव्हा त्याला मात्र त्याचंच नाव दिलं :
तनाउ, नाकपुडी.
केवढं ते नाक! तोंडाआधी तेच दुधात बुडायचं.

वोडकाच्या बाटलीला रबरी बोंडलं,
शेळीचं दूध, दर तीन तासांनी.
रात्री जाग यावी म्हणून
दोरीचं एक टोक तिच्या अंगठ्याला,
दुसरं तनाउच्या पायाला.
उन्हाळाभर घरात लेंड्या. आई करवादायची
नि गुपचूप त्याला मीठ चाटवायची.

गवत पिवळं पडलं.
रुळांपलीकडे कळप आला, धुळीच्या रंगाचा.
तनाउ रूळ ओलांडेना.
मग तीच ओलांडून गेली.
ते मागोमाग गेलं, सवयीनं.
तिथून ती जी उलटी फिरून पळत सुटली,
अलीकडे पोचली
नि मालगाडी मध्ये आली.

बासष्ट डबे. मी मोजले.
ती चाकांच्या फटींतून
चार बारीक पाय शोधत होती.

गाडी सरली तेव्हा पलीकडे शेकडो नाकं,
सगळी तसलीच.

घरी कुणी काही विचारलं नाही.
रात्री तिनं दोरीचं मोकळं टोक
माझ्या अंगठ्याला बांधलं.
झोप येत होती, तरी मी
मधूनमधून
पाय हलवत राहिलो.