वेगळा तवा

घंटा झाली की नव्वद माणसं जेवायला येतात.
पुरुषांची बाकं उजवीकडे, बायकांची डावीकडे,
पोरं पलीकडच्या खोलीत.
मॅनिटोबाच्या या सपाट जमिनीवर आमच्या वसाहतीत
कुणाचं स्वतःचं काही नसतं.
ट्रॅक्टर, तिजोरी, हंस,
माझ्या हातातली पळीसुद्धा सगळ्यांची.

राहेल सहा वर्षांची, झाखारियासची धाकटी.
कोपरांवर पिवळट गाठी आल्या,
मग गुडघ्यांवर, मग टाचेच्या वर.
बूट चढवताना रडायची.
ब्रँडनच्या डॉक्टरांनी रक्त पाहिलं, म्हणाले,
कोलेस्टेरॉल. या वयात एवढं?
लोणी बंद, हंसाची चरबी बंद.
मी बंद केलं.
आपल्याच शेतातलं सूर्यफुलाचं तेल घातलं,
बिया सोलून मूठमूठ खिशात भरल्या,
अक्रोड दिले, तब्येतीला बरे म्हणून.

गाठी वाढत गेल्या.

आईबापांचं रक्त मात्र स्वच्छ.
तिथेच विनिपेगची डॉक्टरीण अडखळली.
ओलेना तिचं नाव, कान जरा कमीच.
तिनं मोठ्यानं विचारलं, "ही खाते काय?"
आणि आईला नाही, मला बोलावलं.
मी तेलाचा डबा मांडीवर घेऊन दोन तास गाडीत बसले.

नेहमीची तपासणी, ती म्हणाली, भोळी असते;
प्राण्यातलं आणि झाडातलं
एकाच नावानं मोजते.
दुसऱ्या यंत्राचा कागद महिन्यानं आला.
मुलीच्या रक्तात सूर्यफुलं होती.
इतरांचं आतडं जे दारातूनच परत लावतं
ते तिच्यात येऊन मुक्कामाला राहिलेलं.
बंद न होणारं ते दार
अर्धं आईनं दिलं, अर्धं बापानं.

मोजकीच घरं समुद्र ओलांडून आली आमची.
सगळं वाटून घ्यायचं ठरलं होतं.
हेही वाटलं गेलं.

माझा भाऊ एलियास एकतिसाव्या वर्षी
ऐन कापणीत, यंत्राच्या शिडीवर बसल्या बसल्या गेला.
देवाची इच्छा, म्हणालो आम्ही.
त्याच्याही कोपरांवर काहीतरी होतं.
खिशात बिया होत्या.

आता रोज एक इवलीशी पांढरी गोळी.
तेल नाही, दाणे नाहीत, चॉकलेट नाही,
लोणी जरासं चालतं.
वर्ष झालं. कोपरं मऊ पडलीत,
टाचेची गाठ अजून बोटाला लागते.

वर्कशॉपमधल्या आंद्रेयासनं छोटा तवा करून दिला,
तेल कधीच न लागलेला.
राहेलनं खिळ्यानं त्याच्या मुठीवर
स्वतःचं नाव कोरलं.

रागवायला हवं होतं. नियम आहे.
मी तवा वरच्या फळीवर ठेवला,
नाव भिंतीकडे करून.