सीमेवरचं गाव

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
लोस अल्गोदोनेसचं भरतं.

फाटकापाशी सकाळी सातपासून रेफुहिओ:
"इम्प्लांट, मॅडम? तिकडच्या निम्म्यात!"
ओरडतानाही वरचा ओठ
पडद्यासारखा खाली ओढून धरलेला.

आजची डोरीन, पार सस्कॅचेवानहून,
गव्हाचं शेत विकून आलेली.
डॉक्टरीण म्हणाली, आज नुसता स्क्रू.
मग चार महिने हाडाला विचारत बसायचं,
याला आपला म्हणतोस का.

बधिर गाल घेऊन ती बाहेर आली,
बाकावर त्याच्याशेजारी टेकली,
बर्फाची पिशवी, हनुवटीवर लाळ.
"आणि तुझे?" म्हणाली.
म्हणजे, म्हणाली असावी;
जीभ अजून परतली नव्हती.

त्याने खांदे उडवले.
मग, का कोण जाणे, ओठ सोडला.
तीन दातांची काळी खिडकी,
आत ऊन.

ती हसली, अर्धीच, वाकडी.
पावतीच्या पाठीवर लिहून दिलं:
ऑगस्टमध्ये येते. अक्रोड आणते.
फोडायचे दोघांनी.

इंग्रजी त्याला बोलण्यापुरतं येतं.
कागद घडी करून त्याने खिशात ठेवला
आणि पुन्हा फाटकाकडे वळला,
ओठ ओढायचा विसरून.