नाळे

जूनमध्ये आली ती, चौथीत.
श्रीजा हसबे, जन्म त्रिशूर.
आडनाव इथलं, विट्याचं,
नाव तिकडच्या शेजारणीनं ठेवलेलं.
बाप गलाईवाला :
दुसऱ्यांचं सोनं वितळवून, गाळून
परत दुसऱ्यांनाच देण्यात
बावीस वर्षं गेली त्याची.
इथं घर बांधायला काढलं, म्हणून
बायकोपोरं पुढं धाडली.

फॉर्म ऑनलाइन भरायचा होता.
मातृभाषा : एकच निवडा.
विचारलं, घरी काय बोलता गं?
म्हणाली, आई रागावली की मराठी.
गिऱ्हाइकाचा फोन आला की पप्पा हिंदी.
मी नि दादा भांडताना तिकडचं.
आणि स्वप्नात?
हे विचारायला नको होतं मी.
ती खिडकीबाहेर बघत राहिली.
बाहेर यंत्रमागांचा खडखडाट.
मी ‘मराठी’वर बोट ठेवलं,
फॉर्म पुढं सरकला.

मग महिनाभर ती बोललीच नाही.
तहान लागली की बाटली दाखवायची.
पोरं ‘मद्रासी’ म्हणायची, मी रागावलो,
तर माझ्या माघारी म्हणायला लागली.
सोन्यात तांबं मिसळल्याशिवाय दागिना घडत नाही,
असलं एक वाक्य मी परिपाठासाठी
तयार ठेवलं होतं.
बरं झालं, बोललो नाही.

गुरुवारी वह्या तपासताना म्हणालो,
गृहपाठ कधी आणणार?
ती घाबरली,
तोंडातून निसटलं :
नाळे.
वर्ग फिदीफिदी.
सुयश काळेबागनं तर शर्ट वर करून
बेंबीच दाखवली.

शेवटच्या बाकावरून इरगोंडा उठला.
जत तालुक्यातला, पार उमदीकडचा,
बाप मागावर, घरी कानडी,
वहीत लिंगाच्या चुकांना माझी लाल शाई.
“उद्या म्हणतोय ती, सर.
आमच्यात बी नाळेच.”

तिनं मान वळवली.
जूनपासून पहिल्यांदा मागं पाहिलं.

मधल्या सुट्टीत दोघं पायरीवर बसून
खिशातल्या गोट्या दाखवाव्यात
तसा एकेक शब्द काढत होते.
हा आहे तुझ्याकडं? हा?
डोळा जुळला, कण्णु म्हणजे कण्णु.
दुधाचं पहिलंच अक्षर वेगळं निघालं.
पाऊस जिभेवर जरासा घसरला,
पण ओळखू आला.
पाणी काही केल्या जुळेना.

तेव्हा दोघं माझ्या टेबलापाशी आले
आणि पाणी
मराठीत मागितलं.